मे महिन्यातले ‘रूम टेम्परेचर’

एन्झाइमच्या डबीसोबत जो घडीचा कागद येतो, त्यावर हल्ली बहुतेक वेळा ‘रिॲक्शन रूम टेम्परेचरला लावता येते’ असे आश्वासन छापलेले असते. ते लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरची खोली वीस ते पंचवीस अंश सेल्सिअसची असते. आमच्या प्रयोगशाळेची खोली मे महिन्यात, वीज गेलेली असताना, बत्तीस अंशांच्या खाली उतरत नाही, आणि कागदाची पाने दमटपणामुळे एकमेकांना चिकटतात. पीसीआर म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा आळीपाळीने तापवून-थंडवून लाखो पटींनी वाढवण्याची पद्धत, आणि पॉलिमरेझ म्हणजे त्यात नवी साखळी जोडणारे एन्झाइम. ट्यूब पहिल्यांदा तापेपर्यंत बंद राहणारे, म्हणजे हॉट-स्टार्ट, पॉलिमरेझ कसे निवडावे याविषयी मी जे शिकले, ते या सात-आठ अंशांच्या फरकाने शिकवले. तेच येथे सविस्तर लिहीत आहे, कारण गोव्यात आणि कोकणपट्टीत पीसीआर करणाऱ्या अनेकांची खोली माझ्या खोलीसारखीच असणार.

विद्यार्थ्यांचा प्रकल्प साधा होता. बाजारातून माशांचे तुकडे आणायचे, त्यांतून डीएनए काढायचा, सीओआय या मायटोकॉन्ड्रियल जनुकाचा सुमारे साडेसहाशे बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) भाग वाढवायचा आणि त्याच्या क्रमावरून मासा ओळखायचा. अख्खी इसवण किंवा चणक कोणीही ओळखतो; पण अंबट-तिखासाठी कापून, सोलून ठेवलेल्या मोरीच्या, म्हणजे शार्कच्या, तुकड्यांवरून ती नेमकी कोणत्या जातीची हे मासळीवालीलाही सांगता येत नाही, म्हणून मुलांना त्यात रस होता. चोवीस ट्यूब लावायच्या होत्या. बर्फ करणारे यंत्र आठवडाभर बंद पडले होते, तेव्हा आमचे मदतनीस सकाळीच मालीमच्या जेटीवरून थर्मोकोलच्या पेटीत बर्फाचा चुरा घेऊन आले. त्या बर्फाला बांगड्याचा वास होता. माशांच्याच डीएनएवर काम करायचे असल्यामुळे मी ट्यूबांचे स्टँड थेट त्या बर्फात न ठेवता प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवायला लावले. तेवढी सावधगिरी मला सुचली, एन्झाइमच्या बाबतीत मात्र सुचली नाही.

मास्टर मिक्स, म्हणजे एन्झाइम, प्राइमर (हव्या तुकड्याच्या टोकांना बसणारे डीएनएचे आखूड तुकडे, जेथून नक्कल सुरू होते) वगैरेंचे मिश्रण, ट्यूबांत वाटून झाले आणि वीज गेली. जनरेटर सुरू व्हायला पाऊण तास लागला. तोपर्यंत पेटीतल्या बर्फाचे पाणी झाले होते, आणि कोणीतरी भिजू नयेत म्हणून ट्यूब उचलून टेबलावर ठेवल्या होत्या. एन्झाइम साधे टॅक होते, म्हणजे हॉट-स्टार्ट नसलेले पॉलिमरेझ. संध्याकाळी जेल (ज्यात डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे होऊन पट्ट्या, म्हणजे बँड, दिसतात) पाहिले तेव्हा साडेसहाशेच्या जागी सहा लेनमध्ये फिकट बँड होता, चार-पाच ठिकाणी तीनशे आणि चारशेच्या आसपास आगंतुक बँड होते, आणि सर्व लेनच्या तळाशी, शंभर बेसच्याही खाली, एक जाड, पुसट, चमकणारा ढग होता. निगेटिव्ह कंट्रोलमध्येही तो ढग होता. डीएनएच नसलेल्या ट्यूबमध्ये जे वाढते ते प्राइमरांनी एकमेकांवर बसून घडवलेले असते. त्यालाच प्राइमर डायमर म्हणतात.

असे का होते हे नीट समजून घेतले की एन्झाइमची निवड निम्मी होऊन जाते. टॅक पॉलिमरेझ हे गरम पाण्याच्या झऱ्यातल्या जिवाणूचे एन्झाइम आहे. अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम पाण्यात सापडलेल्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचे वर्णन ब्रॉक आणि फ्रीझ यांनी १९६९ मध्ये केले आणि त्याचे पॉलिमरेझ १९७६ मध्ये वेगळे काढले गेले. ते सत्तर-पंचाहत्तर अंशांना सर्वांत जोमाने चालते, म्हणून थंड असताना ते झोपलेले असते असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. सत्तर अंशांना टॅक एका सेकंदात साठेक बेस जोडते. सदतीस अंशांना दीडेक आणि बावीस अंशांनाही सुमारे पाव बेस जोडते. पाव बेस ऐकायला हास्यास्पद वाटतो. पण अर्ध्या तासाचे अठराशे सेकंद होतात, आणि त्या हिशेबाने बावीस अंशांनाही चार-साडेचारशे बेसपर्यंत मजल जाऊ शकते. बत्तीस अंशांच्या टेबलावर पाऊण तासात काय होऊ शकेल, याचा हिशेब मी त्या संध्याकाळी फळ्यावर मांडला आणि मुले गप्प झाली.

खरी मेख पुढे आहे. कमी तापमानाला प्राइमर चोखंदळ राहत नाही. त्याच्या ३-प्राइम टोकाचे, म्हणजे जेथे नवे बेस जोडले जातात त्या टोकाचे, चार-सहा बेस कोठेही जुळले, तरी तो तेथे क्षणभर टेकतो, आणि एन्झाइम जागे असेल तर तेवढ्या क्षणात त्याला पुढे वाढवून तेथे पक्का करते. आता जी नवी साखळी तयार झाली तिच्या सुरुवातीला प्राइमरचा संपूर्ण क्रम आहे. पहिल्या-दुसऱ्या फेरीत तिची नक्कल झाली की त्या चुकीच्या तुकड्यावर प्राइमरसाठी शंभर टक्के जुळणारी जागा तयार होते. त्यानंतर ॲनीलिंगचे, म्हणजे प्राइमर जागेवर बसण्याचे, तापमान पंचावन्न ठेवा किंवा साठ, तो तुकडा कायदेशीर झालेला असतो. मतदारयादीत एकदा नाव चढले की मतदानाच्या दिवशी केंद्रावर हुज्जत घालून उपयोग नसतो, तसेच हे आहे. शिवाय हे तुकडे आखूड असल्यामुळे लांब तुकड्यापेक्षा झपाट्याने वाढतात आणि प्राइमर, न्यूक्लिओटाइड सगळे खाऊन टाकतात. म्हणून ‘ॲनीलिंग दोन अंशांनी वाढवून बघ’ हा आपल्याकडचा सरसकट सल्ला या रोगावर फारसा लागू पडत नाही; चूक पहिल्या फेरीच्या आधीच होऊन गेलेली असते.

हॉट-स्टार्ट म्हणजे एवढेच, की मिश्रण केल्यापासून ट्यूब पहिल्यांदा पंचाण्णव अंशांना पोहोचेपर्यंत एन्झाइमला कुलूप लावून ठेवायचे. ही कल्पना सुरुवातीच्या लोकांनी हातानेच राबवली. कॅरी मलिस यांना पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये सुचली, तेव्हा उष्णतेने मरणारे एन्झाइम प्रत्येक फेरीत नव्याने घालावे लागत असे. १९८८ च्या सुमारास टॅक आल्यावर ती कटकट संपली, आणि ही नवी कटकट सुरू झाली. मग कोणी ट्यूब ऐंशी अंशांवर ठेवून, झाकण उघडून एन्झाइम घालू लागले, तर कोणी मधे मेणाचा थर देऊन मॅग्नेशियम किंवा एन्झाइम वेगळे राखू लागले. मेण वितळले की दोन्ही एकत्र येत. चोवीस गरम ट्यूबांची झाकणे एकेक उघडून त्यांत पिपेट घालण्याचा अनुभव ज्याने घेतला असेल, त्याला नंतरच्या शोधांची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

आज बाजारात जे मिळते त्यात कुलपाचे प्रकार मुख्यतः तीन-चार आहेत, आणि नावापेक्षा कुलूप कोणते हे विचारणे जास्त उपयोगाचे आहे.

पहिले कुलूप अँटिबॉडीचे. टॅकला चिकटणारी अँटिबॉडी त्याच्या कामाची जागा झाकून ठेवते आणि चौऱ्याण्णव-पंचाण्णव अंशांना एक-दोन मिनिटांत स्वतः मोडून पडते. प्लॅटिनम टॅक हे या जातीचे परिचित उदाहरण. कुलूप चटकन उघडते, एन्झाइम एकदम पूर्ण शक्तीने कामाला लागते, आणि डीएनएला सुरुवातीलाच दीर्घकाळ शिजावे लागत नाही. माझ्या मते नेहमीच्या कामासाठी, विशेषतः विद्यार्थ्यांच्या हाती देण्यासाठी, हा सर्वांत कमी डोकेदुखीचा प्रकार आहे.

दुसरे कुलूप रासायनिक. यात एन्झाइमच्या अमिनो गटांवर रासायनिक आवरण चढवलेले असते आणि ते पंचाण्णव अंशांना हळूहळू गळून पडते. ॲम्प्लिटॅक गोल्ड याच पद्धतीने चालते. यातली गंमत बफरमध्ये आहे. ट्रिस बफरचा पीएच तापमानाबरोबर उतरतो, दर अंशाला सुमारे ०.०३ इतका, म्हणजे पंचवीस अंशांना ८.३ असलेले बफर पंचाण्णवला जवळजवळ दोनने खाली येते, आणि त्या आम्लतेकडे झुकलेल्या गरम पाण्यातच आवरण सुटते. याचा अर्थ असा, की असे एन्झाइम दुसऱ्याच कोणत्या तरी बफरमध्ये घालून चालवणे धोक्याचे आहे, आणि सुरुवातीची दहा मिनिटे, काही उत्पादनांत पंधरा मिनिटे, वगळता येत नाहीत.

हे मी पुस्तकी ज्ञान म्हणून लिहीत नाही. त्या मे महिन्यानंतर मी घाईने जे हॉट-स्टार्ट मागवले ते या जातीचे होते, आणि मशीनमध्ये जुनाच प्रोग्राम ठेवला, पंचाण्णव अंश, दोन मिनिटे. चोवीसच्या चोवीस लेन कोऱ्या आल्या. तळाचा ढगसुद्धा नव्हता. ‘मॅडम, डीएनएच गेला वाटते,’ असे एक विद्यार्थी म्हणाला आणि मी ते मान्य करून त्यांना पुन्हा डीएनए काढायला बसवले. दोन दिवस फुकट गेले. तिसऱ्या दिवशी कागदाची घडी उघडून वाचली, दहा मिनिटे दिली, आणि जुन्याच डीएनएवर बँड आले. त्या मुलांपुढे चूक माझी होती हे कबूल करताना मला जे वाटले ते वाटले, पण ढगसुद्धा नसलेला कोरा जेल ही खूण मात्र कायमची लक्षात राहिली: प्राइमर डायमरही नाही म्हणजे बहुधा एन्झाइम उठलेलेच नाही.

रासायनिक कुलपाचा गुण त्याच्या सावकाशपणातच आहे. सगळे एन्झाइम एकदम सुटत नाही, काही भाग पुढच्या फेऱ्यांमध्ये सुटत राहतो, त्यामुळे एकाच ट्यूबमध्ये चार-पाच प्राइमर-जोड्या घालायच्या असतील तर ते फार शिस्तीत चालते. दोषही तेथेच आहे. आम्लतेकडे झुकलेल्या बफरमध्ये दहा-पंधरा मिनिटे पंचाण्णव अंश सोसताना डीएनएमधून प्युरीन गळतात आणि नंतर तेथे साखळी तुटते. दोन-तीनशे बेसच्या तुकड्याला याचे काही वाटत नाही; चार-पाच हजारांचा तुकडा हवा असेल, किंवा खारवलेल्या सुक्या मासळीसारख्या नमुन्यातला डीएनए आधीच झिजलेला असेल, तर दर मिनिटाला नुकसान होते.

तिसरे कुलूप ॲप्टामरचे, म्हणजे एन्झाइमला घट्ट बसणाऱ्या आखूड न्यूक्लिइक आम्लाच्या घडीचे. हे कुलूप गरम झाले की सुटते आणि थंड झाले की पुन्हा बसते. त्यामुळे वेगळा उघडण्याचा टप्पा लागत नाही, आणि काम संपल्यावर ट्यूब रात्रभर मशीनमध्ये राहिली तरी एन्झाइम उगाच काही करत बसत नाही. येथे एक प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे: अपृष्ठवंशी प्राण्यांसाठी वापरले जाणारे फोल्मर प्राइमर पंचेचाळीस अंशांच्या आसपास बसवतात, आणि अनेक ॲप्टामर सुमारे त्याच तापमानाखाली परत चिकटतात, मग काम अडणार नाही का? ॲनीलिंगच्या त्या अर्ध्या मिनिटात थोडी ओढाताण होत असेल, पण पुढे बहात्तरला चढताना कुलूप सुटतेच आणि तोपर्यंत प्राइमर जागेवर असतो. तरीही इतक्या कमी तापमानाच्या प्राइमरांसाठी मी अँटिबॉडीवाले एन्झाइमच उचलते. एक शंका कमी.

चौथा प्रकार ॲफिबॉडीचा, अँटिबॉडीपेक्षा कितीतरी लहान प्रथिनाचा. फ्यूजन हॉट स्टार्ट २ मध्ये तो आहे. पण तो आणि क्यू५ सारखी एन्झाइमे यांच्याबद्दल बोलताना मुद्दा थोडा बदलतो, कारण ही तपासनीस एन्झाइमे आहेत. चुकीचा बेस जोडला गेला तर मागे फिरून तो कापण्याची सोय त्यांच्यात आहे, आणि ही कातर साध्या तापमानालाही चालते. वाट पाहत बसलेल्या मिश्रणात ती तुमच्या प्राइमरांची टोकेच कुरतडू लागते. म्हणून या वर्गात हॉट-स्टार्ट घेताना कुलूप फक्त जोडणाऱ्या हाताला आहे की कातरीलाही, हे कागदावर शोधावे. माशांच्या ओळखीसाठी मात्र इतक्या अचूक एन्झाइमची गरज नसते. पीसीआरचे उत्पादन थेट क्रमवाचनाला पाठवले की लाखो प्रतींची सरासरी वाचली जाते आणि एखाद-दुसऱ्या प्रतीतली टॅकची चूक दिसतही नाही. एकेक प्रत उचलून क्लोन करायची असेल, तेव्हा अचूकतेवर पैसे घालावेत.

हॉट-स्टार्टला न जमणाऱ्या गोष्टीही सांगितल्या पाहिजेत, कारण ‘हॉट-स्टार्ट घेतले, आता काय’ अशी तक्रार मी बऱ्याचदा ऐकते. चोडणच्या खाजणातल्या चिखलातून जिवाणूंचा डीएनए काढून त्यांच्या ओळखीसाठी वापरले जाणारे १६एस जनुक वाढवायचे काम आमच्याकडे चालते. त्या चिखलातले ह्युमिक आम्ल आणि खारफुटीच्या पाल्यातले पॉलिफेनॉल एन्झाइमला बांधून टाकतात. त्यावर उपाय म्हणजे डीएनए दहापट पातळ करणे किंवा मिश्रणात बीएसए हे प्रथिन घालणे, महागडे कुलूप नव्हे. आणि १६एसच्या निगेटिव्ह कंट्रोलमध्ये पस्तीस फेऱ्यांनंतर येणारा तो फिकट, पण अगदी योग्य लांबीचा बँड? पॉलिमरेझ बहुधा इ. कोलाय जिवाणूतच तयार करून घेतलेले असते, त्याचा अंशमात्र डीएनए बाटलीत उतरू शकतो, आणि १६एसचे प्राइमर त्याला आपलाच समजतात. अशा वेळी जिवाणूंच्या डीएनएपासून स्वच्छ केलेले एन्झाइम मागवावे आणि फेऱ्या कमी कराव्यात. तळाचा ढग आणि योग्य जागेचा बँड ही दोन वेगळी दुखणी आहेत. पहिल्याचे औषध दुसऱ्याला देऊ नये.

माझी निवड आता अशी होते. एसवायबीआर ग्रीन या चमकणाऱ्या रंगावर रिअल-टाइम, म्हणजे पीसीआर चालू असतानाच, मोजणी करायची असेल तर हॉट-स्टार्टवाचून मी बसतच नाही, कारण तो रंग कोणत्याही दुपदरी डीएनएला चिकटतो आणि प्राइमर डायमरलाही उत्पादन म्हणून मोजतो. नमुन्यात लक्ष्य डीएनए फार थोडा असेल, किंवा ट्यूब अनेक आणि हात नवखे असतील, तरीही हॉट-स्टार्ट. वसाहतीतून काडीने जिवाणू उचलून प्लाझ्मिडमधला (जिवाणूतल्या डीएनएच्या लहान वर्तुळातला) तुकडा तपासायचा असेल, तर साधे टॅक पुरते. तेथे लक्ष्य इतके मुबलक असते की आगंतुकांना संधीच मिळत नाही. आणि साधे टॅक वापरताना एक बिनखर्ची युक्ती आहे: मशीन आधी पंचाण्णवला नेऊन थांबवायचे, आणि ट्यूब बर्फातून थेट त्या तापलेल्या ठोकळ्यात ठेवायच्या. ताजा बर्फ आणि अखंड वीज असेल तर ही युक्ती पुष्कळ भागवते. आमच्याकडे दोन्ही एकाच दिवशी असतील याची खात्री मी देत नाही.

हाताळणीचे दोन शब्द. एन्झाइम पन्नास टक्के ग्लिसरॉलमध्ये येते आणि उणे वीस अंशांनाही गोठत नाही, त्यामुळे पार्सल वाटेत गरम झाले होते की नाही हे बाटलीकडे पाहून कळत नाही. एका पावसाळ्यात कुरियरने आलेल्या पेटीतले जेल-पॅक कोमट होते. ते एन्झाइम जुन्या बाटलीशेजारी, डीएनए दहा-दहा पटीने पातळ करत नेऊन तपासले, तेव्हा नवी बाटली एक पायरी आधीच थांबली. आपोआप बर्फ वितळवणारा घरगुती फ्रीझर एन्झाइमसाठी वापरू नये, त्याचे तापमान दिवसातून अनेकदा वर जाते. ग्लिसरॉल घट्ट असल्यामुळे टिप द्रवात खोल बुडवली तर बाहेरूनही थेंब चिकटून येतो, आणि पाव मायक्रोलिटरच्या जागी नकळत दुप्पट जातो; टिपचे टोक पृष्ठभागाला जेमतेम टेकवावे आणि सावकाश ओढावे. मिश्रण करताना ते जड एन्झाइम तळाशी बसते, म्हणून पिपेटने पाच-सहा वेळा वर-खाली करावे, नुसते टिचकी मारून भागत नाही.

पुढच्या वर्षी त्याच महिन्यात मी मुलांना मुद्दाम टेबलावर एक तास वाट पाहायला लावली. एकाच मोरीचा डीएनए, तेच प्राइमर. साधे टॅक आणि अँटिबॉडीवाले हॉट-स्टार्ट, प्रत्येकी चार ट्यूब थेट तापलेल्या मशीनमध्ये आणि चार तासभर टेबलावर. साध्या टॅकच्या थेट गेलेल्या ट्यूबांनी स्वच्छ बँड दिला, टेबलावरच्यांनी तोच ओळखीचा ढग. हॉट-स्टार्टच्या आठही लेन सारख्या होत्या, कोणती ट्यूब तासभर थांबली होती हे वहीत पाहिल्याशिवाय सांगता येत नव्हते. त्या जेलचे छायाचित्र आता पीसीआर मशीनच्या वर चिकटवले आहे. विद्यार्थ्यांच्या वहीत पीसीआरच्या प्रत्येक पानावर, प्राइमर आणि एन्झाइमच्या नावांच्याही आधी, भिंतीवरच्या थर्मामीटरचे वाचन लिहावे लागते. परवाच्या पानावर ते ३२.५ आहे, आणि त्यापुढे कंसात ‘वीज नाही, १०.४० पासून’.